डेंग्यूवरचा झाडपाला : डासावर चालतो, तापावर?

पावसाळ्याचे दोन महिने उलटले की शहरातल्या पपईच्या झाडांवर संक्रांत येते. सोसायटीच्या आवारातली, शाळेच्या कुंपणालगतची, रेल्वेच्या हद्दीत आपोआप उगवलेली झाडेसुद्धा शेंड्याच्या चार पानांवर येतात. कुणाच्या तरी घरात डेंग्यू झालेला असतो, रक्ताच्या अहवालात प्लेटलेट्स साठ हजारांवर आलेल्या असतात आणि नात्यातल्या, कचेरीतल्या, शेजारच्या प्रत्येकाने एकच सल्ला दिलेला असतो : पपईच्या पाल्याचा रस द्या. जोडीला गुळवेलीचा काढा, किवी, शेळीचे दूध, तिन्हीसांजेला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. या सगळ्याकडे आपण एक तर आजीबाईचा बटवा म्हणून भक्तिभावाने पाहतो, नाही तर अडाणीपणा म्हणून हसतो. दोन्हींत शोध घेण्याचे कष्ट वाचतात. या विषयावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुष्कळ काम झाले आहे. काही नेटके, बरेचसे कामचलाऊ. ते नीट पाहिले तर भक्त आणि टीकाकार दोघांचीही थोडी अडचण होते.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. डेंग्यूच्या बाबतीत वनस्पतींनी खरी कामगिरी केली ती डासाविरुद्ध. माणसाच्या रक्तात शिरलेल्या विषाणूविरुद्ध अजून एकाही वनस्पतीने स्वतःला सिद्ध केलेले नाही. लोकांची श्रद्धा मात्र नेमकी दुसऱ्या बाजूला एकवटली आहे.

असे का झाले हे कळायला आजाराची चाल माहीत हवी. डेंग्यूचा विषाणू चार प्रकारचा. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना काही जाणवतही नाही. ज्यांना ताप येतो त्यांचा तो दोन ते सात दिवस राहतो आणि त्यातले बहुसंख्य लोक आठ-दहा दिवसांत खडखडीत बरे होतात. भारतात २०२३ साली अधिकृत रुग्ण दोन लाख ८९ हजारांच्या घरात होते आणि मृत्यू ४८५. म्हणजे नोंदलेल्यांतही हजारी दोनाच्या आत. आकडा लहान म्हणून दुर्लक्ष करावे असे नाही, पण ज्या आजारातून बहुतेक माणसे आपोआप उठतात त्या आजारात प्रत्येक औषधाला यश येते, हे विसरून चालत नाही. काढा दिला, बरे वाटले. अंगारा लावला, बरे वाटले.

धोका असतो तो ताप उतरू लागतो तेव्हा. घरचे सुटकेचा श्वास सोडतात, तेवढ्यात पुढच्या २४ ते ४८ तासांत काही रुग्णांच्या केशवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, बाहेर पडून पोटात आणि छातीत साचतो, उरलेले रक्त दाट होते, रक्तदाब कोसळतो. डेंग्यूचे बरेचसे मृत्यू या झिरपण्याने आणि त्यातून येणाऱ्या शॉकने होतात. डॉक्टरांचे लक्ष म्हणून हिमॅटोक्रिटवर (रक्ताच्या दाटपणाच्या मापावर), नाडीवर, लघवीच्या प्रमाणावर असते. त्याच सुमारास प्लेटलेट्सही तळाला गेलेल्या असतात. पण त्या खाली जातात तशा दोन-तीन दिवसांत आपणहून वर येतात.

आपल्याकडे मात्र डेंग्यू म्हणजे प्लेटलेट्स असे समीकरण पक्के झाले आहे. रोज सकाळी आकडा येतो, तो व्हॉट्सॲपवर सगळ्या नातलगांना जातो, 'काल ४२ होत्या, आज ३५' अशी भाषा सुरू होते. हिमॅटोक्रिट किती हे कुणी विचारत नाही. या आकड्याची दहशत रुग्णालयांतही कमी नव्हती. प्लेटलेट्सच्या पिशव्यांसाठी रात्री-अपरात्री रक्तपेढ्या पालथ्या घालणारी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. सिंगापूर आणि मलेशियातल्या डॉक्टरांनी मग हाच प्रश्न तपासला. वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट्स असलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या ३७२ प्रौढ रुग्णांपैकी निम्म्यांना प्रतिबंधक म्हणून प्लेटलेट्स दिल्या, निम्म्यांना नाही. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला : रक्तस्रावात लक्षणीय फरक नाही, उलट पिशव्या घेतलेल्यांत दुष्परिणाम अधिक. खुद्द प्लेटलेट्स शिरेतून चढवूनही जिथे फायदा दिसत नाही, तिथे त्या वाढवणाऱ्या पाल्याकडून नेमकी कशाची अपेक्षा आहे, हा प्रश्न पपईच्या आधी विचारायला हवा.

तरीही पपईची बाजू मांडली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. सुरुवातीच्या लेखांपैकी एक २०११चा, पाकिस्तानातला, आणि तो फक्त एका रुग्णाचा. ४५ वर्षांच्या गृहस्थाला पाच दिवस पाल्याचा अर्क दिला आणि प्लेटलेट्स ५५ हजारांवरून १ लाख ६८ हजारांवर गेल्या. वर सांगितलेली आजाराची चाल लक्षात घेतली तर पाच दिवस काहीही न देताही जवळपास हेच घडले असते. दोन वर्षांनी मलेशियातल्या क्लांग शहराच्या सरकारी रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तो बराच गंभीर होता. २२८ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटले; एका गटाला ५० ग्रॅम ताज्या पानांचा रस रोज एकदा, तीन दिवस. रस घेतलेल्यांच्या प्लेटलेट्स ४० आणि ४८ तासांनी स्पष्ट वाढलेल्या दिसल्या, शिवाय प्लेटलेट्सशी निगडित दोन जनुकांची हालचालही वाढलेली आढळली. उणीव एवढीच की कोणाला रस मिळतो आहे हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक होते.

भारतात बिकानेरला ४०० रुग्णांवर पाल्याच्या अर्काच्या कॅप्सूल वापरून पाहिल्या गेल्या. त्याच वर्षी, २०१६ साली, भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात पाच केंद्रांमधल्या ३०० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात खोट्या गोळीशी तुलना होती आणि कोणती गोळी कुणाला हे दोन्ही बाजूंना माहीत नव्हते. दोन्हींचा निष्कर्ष एकाच दिशेचा : अर्क घेतलेल्यांच्या प्लेटलेट्स थोड्या लवकर वर येतात. पाल्यातल्या कार्पेन या अल्कलॉइडकडे त्याचे श्रेय जाते असे काही प्रयोगशाळांतले काम सांगते. तेव्हा 'पपईच्या पाल्याने प्लेटलेट्स वाढतात' या वाक्याला आज थोडाफार आधार आहे, हे मान्य करायला हरकत नाही.

पण हे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या समीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला आणि तिथे गाडी अडली. शॉकमध्ये जाणारे रुग्ण कमी झाले का? प्लाझ्मा झिरपणे थांबले का? मृत्यू घटले का? बहुतेक अभ्यासांनी हे मोजलेच नव्हते. त्यांनी मोजला तो आकडा, कारण तो मोजायला सोपा आणि लोकांना हवाहवासा. पपईचा पाला ज्या आकड्यावर काम करतो तो आकडा माणसाला मारत नाही. जे मारते त्याच्यावर पाला काम करतो की नाही, हे कुणी दाखवलेले नाही.

रस्त्यावरचा पपईचा पाला आणि अभ्यासातला पाला यांतही अंतर आहे. अभ्यासात मोजून पाने घेतात, ठरलेल्या पद्धतीने रस काढतात. घरी कुणी दोन पाने मिक्सरला लावतो, कुणी अख्खा घड. त्यावर रस्त्याची धूळ आणि कधीकधी डासांसाठी मारलेली फवारणी. हा रस कमालीचा कडू असतो आणि पुष्कळांना तो घेतल्यावर उलटी होते. डेंग्यूत सतत उलटी हे धोक्याचे लक्षण मानतात. रसाची उलटी कोणती आणि आजाराची कोणती, हे मग डॉक्टरने कसे ओळखावे? शिवाय उलटीवाटे तेच पाणी जाते जे त्या क्षणी शरीराला सर्वांत जास्त हवे असते. कच्च्या पपईचा चीक गर्भवतीसाठी जोखमीचा मानला जातो, ते वेगळेच.

जाता जाता एक गंमत. पपई मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या काळात. चरक-सुश्रुतांनी हे झाड पाहिलेले असणे शक्य नाही. डेंग्यूवर पपईचा पाला हे प्राचीन भारतीय ज्ञान म्हणून जे पसरवले जाते, त्याचे वय फार तर काही दशके आहे.

गुळवेलीला निदान वंशावळ आहे. ज्वरावरच्या औषधांत तिचे नाव शतकानुशतके येते आणि प्रतिकारशक्तीवर तिचा काही परिणाम होतो असे प्रयोगशाळेतले पुरावेही आहेत. डेंग्यूवर मात्र वजनदार मानवी चाचणी नाही. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळू लागले आणि २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की गुळवेलीऐवजी तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती गोळा झाली. मंत्रालयाचा आक्षेप खरा धरला तरी सामान्य माणसाची अडचण सुटत नाही. झाडावर चढलेली वेल कोणत्या जातीची हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने ओळखायचे कसे? डेंग्यूत यकृत आधीच सुजलेले असते. त्यावर आणखी भार टाकण्याआधी दहादा विचार करावा.

तमिळनाडूने हा प्रयोग सरकारी पातळीवर केला. तिथे सिद्ध वैद्यकातला निलवेंबू कुडिनीर हा नऊ द्रव्यांचा काढा २०१२च्या डेंग्यूच्या साथीत सरकारने लोकांना वाटला. त्यातले मुख्य द्रव्य भुईनिंब, म्हणजे आपल्याकडचे ओले किराईत. २०१७ साली पुन्हा वाटप सुरू झाले तेव्हा कमल हासन यांनी, संशोधन पूर्ण होईपर्यंत आपल्या चाहत्यांनी तो वाटू नये, असे जाहीर केले आणि मोठा गदारोळ झाला. दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी पुढे या काढ्याची पेशींवर तपासणी केली आणि विषाणूविरोधी गुण आढळल्याचे लिहिले. पेशींवरचा निकाल माणसावर उतरेलच असे नाही, पण निदान कुणी तपासले तरी. फिलिपिन्समध्ये हीच जागा दुधी या पांढऱ्या चिकाच्या रानटी तणाने घेतली आहे; तिथे तिला तावातावा म्हणतात आणि डेंग्यू म्हटले की तिचा काढा ठरलेला.

निलवेंबूच्या द्रव्यांची यादी वाचताना मला आपले षडंगोदक आठवले. नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुंठ ही द्रव्ये दोन्हीकडे. षडंगोदक हे तापात तहान लागली की प्यायला देण्याचे उकळून गार केलेले पाणी. वैद्य ते घोट-घोट, दिवसभर द्यायला सांगतात. यातल्या पित्तपापड्याबद्दल एक खरी अडचण आहे. पर्पट या त्याच्या संस्कृत नावाखाली देशाच्या वेगवेगळ्या भागांत अगदी वेगळ्या कुळांतल्या वनस्पती विकल्या जातात. पण माझा अंदाज असा की डेंग्यूत या काढ्यांनी ज्यांना खरोखर बरे वाटले असेल, त्यांना द्रव्यांपेक्षा पाण्याने वाटले असावे. निकाराग्वात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजारी पडल्यापासून भरपूर पातळ पदार्थ घेणाऱ्यांवर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आल्याचे दिसले. ताकाला, भाताच्या पेजेला, कोकमाच्या सरबताला, शहाळ्याला डेंग्यूच्या उपचारात जागा आहे ती याच कारणासाठी. वनस्पतिजन्य उपायांतला तापाच्या बाजूचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणून मी मीठ घातलेल्या पेजेचे नाव घेईन. तिच्या गोळ्या निघत नाहीत, म्हणून तिची जाहिरातही होत नाही.

झाडपाला म्हणजे निरुपद्रवी ही समजूतही इथेच खोडून काढलेली बरी. डेंग्यूत ॲस्पिरिन देऊ नये, रक्तस्राव वाढतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. ॲस्पिरिनचे मूळ विलो झाडाच्या सालीत आहे.

विषाणूवर थेट चालणारी वनस्पती सापडणे अशक्य आहे का? मुळीच नाही. मलेरियाला सिंकोनाने क्विनाइन दिले आणि चीनमधल्या एका दवण्याच्या जातीने आर्टेमिसिनिन. त्यासाठी तू यूयू यांना २०१५चे नोबेल मिळाले. पण त्यांनी लोकांना काढा वाटला नव्हता. काढ्यातला गुण उकळल्याने नासतो हे ओळखून कमी तापमानाला अर्क काढला, त्यातला रेणू वेगळा केला, मात्रा ठरवली. डेंग्यूत त्या वाटेवर निघालेले काम भारतातच आहे आणि ते पपईच्या गोंगाटात फारसे कुणाच्या कानावर पडलेले नाही. दिल्लीच्या वर उल्लेखलेल्या केंद्राने रॅनबॅक्सीच्या संशोधकांबरोबर अनेक औषधी वनस्पती चाळल्या आणि २०१५ साली पहाडवेलीच्या अर्काबद्दल लिहिले : पेशींमध्ये तो चारही प्रकारच्या डेंग्यू विषाणूंना रोखतो आणि उंदरांना वाचवतो. पुढे सन फार्माबरोबर काम सरकले ते तिच्याच कुळातल्या वासनवेलीकडे. कुंपणावर सर्रास चढणारी, पाने पाण्यात चुरली की पाण्याची जेली करणारी ही वेल आपल्या खेड्यांत पोरासोरांनाही ठाऊक आहे. तिच्या प्रमाणित जलीय अर्काच्या माणसांवरच्या सुरक्षितता-चाचण्या झाल्या. २०२० साली तो कोविडसाठीही चाचणीला लावला गेला. डेंग्यूवर तो उतरेल की नाही हे आज कुणी सांगू नये. पण रस्ता योग्य आहे. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने वनस्पतिजन्य औषधांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार अर्कातले किमान चार घटक मोजून दाखवावे लागतात आणि आधुनिक औषधासारख्याच चाचण्यांतून जावे लागते. बाजारातल्या पपईच्या गोळ्यांना हे दिव्य करावे लागत नाही.

आता डासाकडे येऊ, कारण इथे गोष्ट एकदम बदलते.

घराघरात जळणारी कासवछाप कॉइल ही मुळात वनस्पतीचीच देणगी. ॲड्रियाटिक किनाऱ्यावरच्या डाल्मेशियात वाढणाऱ्या, शेवंतीच्या नात्यातल्या पांढऱ्या फुलांची वाळवलेली पूड किड्यांना मारते हे तिथल्या लोकांना माहीत होते. जपानात एइइचिरो उएयामा यांनी या पुडीच्या उदबत्त्या केल्या. त्या पाऊण तासात संपत. सापाच्या वेटोळ्यासारखी वळी कर, जास्त वेळ टिकेल, ही कल्पना त्यांच्या पत्नीची असे सांगतात. १९०२च्या सुमारास अशी वेटोळ्याची कॉइल बाजारात आली आणि रात्रभर पुरू लागली. या फुलांतले पायरेथ्रिन कीटकाच्या मज्जातंतूंवर झडप घालते, माणसाला मात्र त्या मात्रेत फारसे अपाय करत नाही आणि उन्हात लवकर विरते. विरण्याचा हा गुण शेतीत गैरसोयीचा, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याची नक्कल केली. १९४९ साली ॲलेथ्रिन आले, सत्तरच्या दशकात परमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन. आजच्या कॉइल, मॅट, द्रवाच्या बाटल्या, औषधी मच्छरदाण्या सगळे या फुलाचे वारस.

फूलही निवृत्त झालेले नाही. डेंग्यूचा रुग्ण सापडला की महापालिकेची माणसे घरात येऊन जी फवारणी करतात, तिच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमात दोन टक्के पायरेथ्रमचा अर्क रॉकेलमध्ये मिसळतात : एक भाग अर्क, एकोणीस भाग रॉकेल. रस्त्यावर निघणाऱ्या धुराच्या गाडीपेक्षा ही घरातली फवारणी डेंग्यूच्या डासाला जास्त लागते, कारण हा डास, एडिस, पडद्यामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत बसतो. दुर्दैवाने कृत्रिम भावंडांच्या बेसुमार वापराने जगभर एडिसमध्ये या वर्गाविरुद्ध प्रतिकार वाढला आहे आणि त्याचा फटका मूळ फुलालाही बसतो. कॉइलच्या धुराचा हिशेबही नजरेआड करू नये. मलेशिया आणि चीनमधल्या कॉइल तपासून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात असे आढळले. कडुनिंबाचा किंवा निर्गुडीचा पाला बंद खोलीत जाळला तर तो धूर सात्त्विक ठरत नाही. तो आपण करतोही चुकीच्या वेळी. डेंग्यूचा डास सकाळी उजाडल्यानंतर आणि मावळतीच्या आधी चावतो. तिन्हीसांजेचा धूर बराचसा दुसऱ्याच डासांसाठी असतो.

अंगाला लावायच्या तेलांचा निकाल २००२ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगाने जवळजवळ लावून टाकला. स्वयंसेवकांनी डेंग्यूच्याच डासांच्या पिंजऱ्यात हात घातले आणि पहिला चावा कधी बसतो ते मोजले. डीट या कृत्रिम डासरोधकाचे सुमारे २४ टक्क्यांचे औषध लावलेला हात पाच तास सुरक्षित राहिला, सोयाबीन तेलाचे एक मलम दीड तास, निलगिरीवर आधारलेले औषध सुमारे दोन तास. सिट्रोनेलाची बहुतेक उत्पादने वीस मिनिटेही टिकली नाहीत. मनगटात घालायच्या औषधी पट्ट्यांचा उपयोग शून्य. पट्ट्या आजही शाळकरी मुलांच्या हातात दिसतात. गवती चहाच्या नात्यातल्या या सुगंधी तेलांत डासांना नको असणारे काही नक्कीच आहे, ते फक्त उडून जाते.

निलगिरीबाबत एक खुलासा हवा. उपयोगी ठरते ती लिंबाच्या वासाची जात, आणि तिचेही कच्चे तेल नव्हे. त्यातून तयार केलेला पीएमडी नावाचा घटक. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने डीटच्या पंक्तीला बसवलेला वनस्पतिजन्य पर्याय तो हाच, तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये या अटीवर. औषधाच्या दुकानातली सर्दीवरची निलगिरीची बाटली म्हणजे पीएमडी नव्हे.

कडुनिंबाची गोष्ट महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारायचा, कारण त्यातले ॲझाडिरॅक्टिन उन्हाने मोडते, हे त्याला पाठ आहे. हाच घटक डासाच्या अळीचे कात टाकणे बिघडवतो. २००९ साली राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निंबतेलाचे पाण्यात मिसळेल असे मिश्रण करून तपासले. पाण्याच्या दहा लाख भागांत दोन भागांहून कमी औषधाने एडिसच्या निम्म्या अळ्या मेल्या. नुसते तेल पाण्यावर तरंगते, म्हणून मिश्रण महत्त्वाचे. साचलेल्या पाण्यासाठी, बांधकामावरच्या टाक्यांसाठी हे चांगले हत्यार होऊ शकते. पण एडिसला आवडते स्वच्छ, साठवलेले, बहुतेकदा पिण्याचे पाणी, आणि रांजणात कडुनिंबाचे तेल टाकायला कोणती गृहिणी तयार होईल? तिथे गप्पी मासे किंवा झाकण जास्त उपयोगी.

अळ्या मारणाऱ्या वनस्पतींवर भारतीय विद्यापीठांतून निघालेल्या शोधनिबंधांची संख्या पाहिली तर डेंग्यू केव्हाच संपायला हवा होता. घाणेरीपासून सीताफळाच्या बियांपर्यंत क्वचितच एखादे झाड सुटले असेल. पाने वाळवायची, द्रावकात अर्क काढायचा, चंचुपात्रातल्या अळ्यांवर टाकायचा, किती मेल्या ते मोजायचे, पदवी घ्यायची. त्या अर्काचा पाण्याला वास येतो का, माशांना तो मारतो का, लिटरमागे खर्च किती, आठवडाभर टिकतो का, हे विचारणारा निबंध विरळा. चंचुपात्रातून वस्तीतल्या पिंपापर्यंतचा प्रवास जवळजवळ कुणी करत नाही, आणि मला यात संशोधकांपेक्षा त्यांना पदवी देणाऱ्या व्यवस्थेचा दोष जास्त वाटतो.

राहिली गॅलरीतली बाग. तुळस, झेंडू, गवती चहा नुसते कुंडीत उभे राहून डास पळवत नाहीत. पाने चुरल्याशिवाय वास सुटतच नाही. कुंडीखालच्या ताटलीत मात्र एडिस आनंदाने अंडी घालतो. बाटलीत पाण्यावर वाढवलेला मनी प्लांट तर पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा जुना परिचित. २००१ साली दक्षिण चीनमधून लॉस एंजेलिसला गेलेल्या 'लकी बांबू'च्या खेपांमधून एडिसची आशियाई जात कॅलिफोर्नियात उतरली होती, कारण रोपे वाटेत ताजी राहावीत म्हणून त्यांच्या बुडाशी पाणी ठेवले होते. अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्महिने तग धरतात, तेव्हा पाणी नुसते ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आशाताई सांगतात त्यामागे साधा हिशेब आहे : अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात.

महाराष्ट्रात आयुर्वेद महाविद्यालये मुबलक आहेत, दर पावसाळ्यात रुग्णही आहेत आणि पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. या तिघांनी मिळून पपईचा पाला, गुळवेल किंवा षडंगोदक यांतल्या एकाचीच, पण नीट चाचणी करावी. प्लेटलेट्स बाजूला ठेवून किती रुग्णांचा प्लाझ्मा झिरपला आणि कितींना शिरेतून सलाइन द्यावे लागले हे मोजावे. निकाल काहीही लागला तरी तो कामाचा असेल.

तोवर, पपईचा रस द्यायचाच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. उलटी झाली की थांबवा. ताप उतरल्यावर पोटात दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आले, रुग्ण मलूल किंवा बेचैन झाला, लघवी कमी झाली, तर प्लेटलेट्स किती आहेत याची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्या.